पिंजऱ्यातला न संपणारा हंगाम

मृगाचा पाऊस पडला की हिंगणघाटच्या शिवारात, वणा नदीच्या काठच्या बाभळींवर आणि विहिरींवर झुकलेल्या फांद्यांवर सुगरण पक्ष्यांची घरटी दिसू लागतात. नर गवताची पाती चिरून आणतो, मादी घरटे पारखून घेते, पिल्ले होतात आणि पावसाळा सरता सरता सारी लगबग थांबते. विणीचा हंगाम जसा येतो तसा जातोही. गावातल्या काही घरांत मात्र असा एक पक्षी आहे, ज्याचा हंगाम एकदा सुरू झाला की संपायचे नाव घेत नाही. तो म्हणजे कॉकॅटिल. दुकानांत याला सर्रास ‘कॉकटेल’ म्हणतात. अंग राखाडी किंवा पिवळसर, डोक्यावर तुरा आणि गालावर केशरी टिकली, अशी त्याची ओळख.

देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. कॉकॅटिल मूळचा ऑस्ट्रेलियाचा आणि बाजारात येतो तो पिंजऱ्यातच पैदास झालेला. म्हणून पोपटाची हौस असलेली अनेक कुटुंबे याच्याकडे वळतात. तो शीळ घालतो, खांद्यावर बसतो, माणसाळतो. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षे जगतो. त्याला काय खायला द्यायचे हे दुकानदार सांगतो; पण विणीचे दिवस आले की काय करायचे, हे सहसा कोणी सांगत नाही.

मग एके दिवशी कालपर्यंत हातावर खेळणारा पक्षी बोटाला चावतो. कपाटाखाली शिरून बसतो, जवळ गेले की फुत्कारतो, वर्तमानपत्राचे तुकडे करतो. नर असेल तर पंख किंचित फुलवून, चोच टकटक आपटत आरशासमोर तासन् तास गात राहतो. मादी असेल तर सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी एक पांढरे अंडे सापडते, आणि ज्याला वर्षभर ‘राजा’ म्हणून हाक मारली ती राणी असल्याचे तेव्हा घरच्यांना कळते. घरात आनंद होतो. कोणी शकुन मानतो, कोणी फोटो काढतो. एक दिवसाआड दुसरे अंडे, मग तिसरे, चौथे. लोक अंडी उचलून टाकतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच सुरू होते. असे तीन-चारदा झाल्यावर एक दिवस पक्षी पिंजऱ्याच्या तळाशी पिसे फुगवून बसतो आणि दुसऱ्या दिवशी मेलेला सापडतो. ‘उन्हं लागली’ असे म्हणून विषय संपतो. विदर्भात उन्हाळा कुणाचाही बळी घेऊ शकतो, हे खरेच. पण असे अनेक मृत्यू उन्हाचे नसतात. ते सततच्या अंडी घालण्याने शरीर रिते झाल्याचे असतात आणि बहुतेक वेळा टाळता येण्यासारखे असतात.

पाच ग्रॅमचा भार

कॉकॅटिलचे वजन साधारण ८० ते १०० ग्रॅम. त्याचे एक अंडे साधारण पाच ग्रॅमचे. म्हणजे शरीराच्या वजनाचा जवळपास विसावा भाग एका अंड्यात जातो. पन्नास किलोच्या बाईला हेच प्रमाण लावले तर ते अडीच किलोचे बाळ होईल आणि ते नऊ महिन्यांनी नव्हे, एक दिवसाआड. पाच अंड्यांचा एक वेत म्हणजे शरीराच्या पाव भागाहून जास्त ऐवज दहा दिवसांत बाहेर पडला.

यातला सर्वांत महागडा भाग कवचाचा. कवच म्हणजे मुख्यतः कॅल्शियम. अंडे घालण्याच्या काळात मादी आपल्या हाडांच्या पोकळीत कॅल्शियमचा खास साठा करते आणि कवचासाठी तो खर्च करते. आहारातून भर पडली नाही तर हाडांतून उचल सुरू होते. हाडे ठिसूळ होतात. रक्तातले कॅल्शियम घसरले की स्नायूंची ताकद जाते, कधी झटके येतात. गर्भनलिकेच्या स्नायूंनाच ताकद उरली नाही की अंडे आत अडकते. अंडे अडकलेली मादी शेपटी वर-खाली करत धापा टाकते, कुंथते, तिचे पाय लुळे पडतात, शीट थांबते. ही तातडीची अवस्था आहे. तिला काही तासांत पशुवैद्यकाकडे न्यावे लागते. कधी अंड्याचा बलक पोटाच्या पोकळीत सांडतो आणि तिथे दाह होतो. बाहेरून मात्र सगळ्याचे चित्र एकच दिसते: पिसे फुगवून तळाशी बसलेला पक्षी.

पावसाची वाट पाहणारा पक्षी

हा हंगाम थांबत का नाही, याचे उत्तर त्याच्या मूळ गावी आहे. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या प्रदेशात पाऊस भरवशाचा नाही. तिथे जंगली कॉकॅटिल थवा करून पाण्याच्या शोधात भटकतो. पाऊस झाला, गवताला बी धरले, पाण्याजवळच्या जुन्या झाडात ढोली सापडली आणि जोडीदार असला, की संधी साधून तो वीण उरकतो. नर आणि मादी दोघेही अंडी उबवतात. दिवसा बहुधा नर, रात्री मादी. सुमारे तीन आठवड्यांनी पिल्ले बाहेर येतात. पुढे बी संपले, पाणी आटले की शरीर आपोआप थांबते. थांबण्याची ही सोय महत्त्वाची. दुष्काळ त्याच्या शरीराला विश्रांती देतो.

घरात दुष्काळ कधीच पडत नाही. वाटीत राळे, बाजरी आणि सूर्यफुलाचे बी बारा महिने भरलेले असते. ढोलीऐवजी मटकी, लाकडी पेटी, कपाटामागची फट किंवा सोफ्याखालचा अंधार असतो. जोडीदार नसला तर आरसा असतो किंवा त्याला पाठीवरून कुरवाळणारे घरचे माणूस असते. उन्हाळ्यात अंगावर पाण्याचा फवारा मारला जातो, तोही त्याला पावसासारखाच. आणि या सगळ्यांवर कडी करतो तो दिवाणखान्यातला दिवा.

पक्ष्यांच्या जननेंद्रियांवर प्रकाशाची सत्ता चालते, हे शंभर वर्षांपूर्वीच दाखवले गेले. कॅनडात विल्यम रोवन यांनी १९२० च्या दशकात ऐन हिवाळ्यात, बाहेर कडाक्याची थंडी असताना, जंको नावाच्या छोट्या पक्ष्यांना संध्याकाळनंतर विजेच्या दिव्याचा प्रकाश दिला. थंडी तशीच होती, फक्त दिवस लांबला होता. तरी त्या पक्ष्यांची जननेंद्रिये वसंत ऋतूसारखी वाढली. पुढे फ्रान्समध्ये जाक बनवा यांनी बदकांवर प्रयोग करून दाखवले, की हा प्रकाश ओळखायला डोळ्यांचीही गरज नसते. कवटीतून झिरपणारा प्रकाश मेंदूच्या खोल भागातल्या पेशी थेट टिपतात. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांत येणाऱ्या काळ्या डोक्याच्या भारीट पक्ष्यावर लखनौ विद्यापीठात वर्षानुवर्षे अभ्यास झाला, तोही दिवसाची लांबी आणि विणीचे नाते उलगडणारा.

आता हिंगणघाटचे गणित पाहू. इथे जूनमध्ये सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, डिसेंबरात सर्वांत लहान दिवस अकरा तासांच्या जरा आत. पण पिंजरा टीव्हीजवळ आणि घरातले दिवे रात्री अकराला मालवणार असतील, तर पहाटे साडेपाचपासून मोजून पक्ष्याचा दिवस साडेसतरा तासांचा झाला. एवढा मोठा दिवस या गावाने कधी पाहिलेला नाही. आणि पक्षी डोळे मिटून बसला म्हणजे त्याची रात्र झाली, असेही नाही. निसर्गात जो हंगाम पावसावर येतो, तो इथे बटणावर येतो. म्हणूनच चिडलेला, चावणारा किंवा अंड्यामागून अंडी घालणारा कॉकॅटिल बिघडलेला नसतो. घराने दिलेल्या निरोपाला त्याचे शरीर चोख उत्तर देत असते. दुरुस्ती करायची ती त्या निरोपात.

घरात काय बदलावे

पहिला बदल रात्रीचा. पक्ष्याला सलग बारा तास शांत अंधार मिळाला पाहिजे; अंडी थांबत नसतील तर काही आठवडे तेरा-चौदा तासही. संध्याकाळी सात वाजता पिंजरा टीव्ही आणि दिव्यांपासून दूर, वेगळ्या खोलीत न्यावा. कपड्याने झाकायचा तर सुती कापडाने, एक बाजू हवेसाठी मोकळी ठेवून. मे महिन्यात बंद खोलीत पिंजरा जाडजूड चादरीत गुंडाळणे म्हणजे एक धोका टाळताना दुसरा ओढवून घेणे. कॉकॅटिल रात्री दचकून पिंजऱ्यात फडफडण्यासाठी प्रसिद्ध आहे. तसे होत असेल तर दूर कोपऱ्यात अगदी मंद दिवा चालेल.

दुसरा बदल जागेचा. मटकी, पेटी, झोपडीसारखी कापडी खेळणी आणि आरसा काढून टाकावा. कपाटाखाली, उशांमागे शिरू देऊ नये. तळाशी फाडायला कागद मिळणार नाही, अशी जाळी ठेवावी. पिंजऱ्याची जागा आणि आतल्या दांड्यांची मांडणी अधूनमधून बदलावी. अनोळखी जागी पक्षी संसार मांडायला कचरतो.

तिसरा बदल हाताचा आणि तोच घरच्यांना सर्वांत जड जातो. पाठीवर, पंखांखाली, शेपटीजवळ कुरवाळणे हा पक्ष्याच्या भाषेत मीलनाचा इशारा आहे. लाड करायचे तर डोक्याचे आणि गालांचे करावेत. बोटावर किंवा आरशासमोर तो दाणे ओकून देऊ लागला तर ते आजारपण नव्हे, प्रणय आहे. अशा वेळी न रागावता त्याला खाली ठेवून निघून जावे. ओरडणे, चापटी मारणे याने काहीच साधत नाही.

चौथा बदल वाटीचा. केवळ बियांवर जगणाऱ्या पक्ष्याला चरबी भरपूर आणि कॅल्शियम, ‘अ’ जीवनसत्त्व तोकडे मिळते. सूर्यफुलाचे बी रोजचे न ठेवता बक्षिसापुरते ठेवावे. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, किसलेले गाजर, मिळत असतील तर पक्ष्यांसाठीचे तयार खाद्यदाणे हळूहळू वाढवावेत. पिंजऱ्यात समुद्रफेस टांगलेला असावा. सकाळचे कोवळे ऊन उघड्या खिडकीतून, पिंजऱ्यात सावलीची जागा राहील असे, मिळू द्यावे. काचेतून येणारे ऊन ‘ड’ जीवनसत्त्वाच्या कामी येत नाही. विणीचे लक्षण दिसताच मऊ, शिजवलेले, गोड खाऊ बंद करावेत. पण उपाशी ठेवू नये आणि पाणी तर कधीच तोडू नये. एवढ्याशा जिवाला एका दिवसाची उपासमारही झेपत नाही.

आणि अंडे घातलेच तर? घाईने उचलून टाकू नये, हा सल्ला अनेकांना उलटा वाटतो. पण खेड्यातल्या कोणत्याही आजीला तो पटेल. गावठी कोंबडीखालची अंडी रोज काढली तर ती घालत राहते. खाली राहू दिली तर ती खुडूक बसते आणि अंडी थांबतात. कॉकॅटिलचेही तसेच आहे. घरट्यातली अंडी नाहीशी होत राहिली तर मादी भरपाई करत राहते. एकट्या मादीच्या अंड्यातून पिल्लू होणार नसतेच. ती अंडी तिच्याकडे तीन आठवडे राहू द्यावीत. कंटाळून ती स्वतःच उठते, मग काढावीत. नर सोबत असेल आणि पिल्ले नको असतील तर ताजी अंडी उकळून, पूर्ण गार करून परत ठेवावीत किंवा त्याच आकाराची खोटी अंडी ठेवावीत.

औषधाच्या दुकानातला शॉर्टकट

‘मासिक पाळीच्या गोळीचा तुकडा पाण्यात घालून द्या’ असले सल्ले पक्षी पाळणाऱ्यांत फिरत असतात. ते ऐकू नयेत. माणसाच्या हार्मोनच्या गोळ्या पक्ष्याला देणे धोक्याचे आहे. एके काळी पक्ष्यांना मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉनची इंजेक्शने दिली जात. यकृतात चरबी साचणे, मधुमेह असे दुष्परिणाम दिसल्यावर ती मागे पडली. आज ज्याचा आधार घेतला जातो ते ल्युप्रोलाइड माणसांत प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी वापरले जाणारे औषध आहे. त्याने कॉकॅटिलची अंडी तात्पुरती थांबतात, हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले. पण ते महाग आहे, त्याचा परिणाम काही आठवड्यांचा आहे आणि ते पक्ष्यांची माहिती असलेल्या पशुवैद्यकानेच द्यायचे असते. शिवाय दिवे अकरापर्यंत जळत राहिले तर इंजेक्शनचा परिणाम ओसरताच सारे पुन्हा सुरू होते. कॅल्शियमच्या गोळ्याही अंदाजाने कुटून घालू नयेत. जास्तीचे कॅल्शियम मूत्रपिंडाला घातक ठरते. अंडे अडकल्याचा संशय आला तर पोट दाबू नये, तेल घालून अंडे ओढू नये. पक्ष्याला उबदार, दमट, शांत जागी ठेवून निघावे.

‘निसर्गाच्या आड का यायचे?’

हा प्रश्न प्रामाणिक आहे. अंडी घालणे हा तिचा धर्म, तो का रोखायचा? पण पिंजरा, बारमाही दाणे आणि रात्री अकराचा दिवा यांत निसर्ग कुठे आहे? जंगलातली मादी पाऊस झाला तरच वीण करते आणि तिला मोठी विश्रांती मिळते. घरात आपण तिचा ‘चालू’चा खटका कायम दाबून ठेवला आणि ‘बंद’चा काढून घेतला. तिला तो परत देणे म्हणजे निसर्गाकडे एक पाऊल जाणेच आहे. ज्यांच्याकडे जोडी आहे आणि पिल्ले हवी आहेत, त्यांनी जरूर होऊ द्यावीत. पण वर्षात एक, फार तर दोन वेत, ऐन उन्हाळा टाळून, आधी आहार सुधारून. शिवाय त्या पिल्लांना पुढची पंधरा वर्षे कोण सांभाळणार, हे अंडे दिसण्याआधी ठरवावे.

पक्ष्याबरोबर माणसाचेही

विणीच्या दिवसांत घरच्या माणसांच्या तब्येतीचाही प्रश्न येतो. कॉकॅटिलच्या पिसांतून पांढरी भुकटी सतत झडते. पक्षी एका कोपऱ्यात ठाण मांडून बसला की तिथे भुकटी, पिसे आणि वाळलेली विष्ठा साचते. ती कोरड्या झाडूने झाडली की श्वासात जाते. काही जणांच्या फुप्फुसांना त्याची ॲलर्जी होते. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, हळूहळू घटणारे वजन. दुसरा आजार सिटॅकोसिस, पोपटवर्गीय पक्ष्यांकडून येणारा एका जिवाणूचा संसर्ग: ताप, तीव्र डोकेदुखी, कोरडा खोकला, कधी न्यूमोनिया. १९२९-३० मध्ये दक्षिण अमेरिकेतून निर्यात झालेल्या पोपटांमधून तो अनेक देशांत पसरला होता. आज डॉक्सिसायक्लिनसारख्या औषधाने तो बरा होतो, पण आधी तो डॉक्टरला सुचला पाहिजे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर क्षयरोगाची तपासणी आधी करायचीच. त्याच वेळी ‘घरात पक्षी आहे’ हे एक वाक्य डॉक्टरला न विचारता सांगावे. त्याने निदानाचे कित्येक दिवस वाचू शकतात. पिंजरा स्वच्छ करताना आधी पाणी शिंपडावे, तोंडाला मास्क लावावा, नंतर हात साबणाने धुवावेत. दम्याचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

शेवटी जबाबदारी फक्त पाळणाऱ्याची नाही. पेट शॉपसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम केले आहेत. नोंदणीची अंमलबजावणी व्हायला हवी, ती होईल तेव्हा होईल. पण पक्षी विकताना सोबत मटकी खपवण्याऐवजी मराठीत छापलेला एक कागद देणे दुकानदाराला आजही शक्य आहे. त्यावर चार ओळी पुरतील: बारा तास अंधार, आरसा आणि मटकी नको, बियांसोबत पालेभाजी, अंडी लगेच उचलू नका. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचा वेळ गाई-म्हशी आणि शेळ्यांमध्ये जातो, जायलाच हवा. म्हणून पक्ष्यांच्या गुंतागुंतीच्या आजारांसाठी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाकडेच पाहावे लागते आणि अंडे अडकलेल्या पक्ष्याला तो प्रवास बरेचदा झेपत नाही. पशुसंवर्धन विभागाने तालुक्याच्या पशुवैद्यकांना पक्ष्यांच्या तातडीच्या उपचारांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण दिले, तर त्याचा खर्च फार नाही.

तोवर बरेचसे काम घरच्या घरी होण्यासारखे आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत. पाऊस, जोडीदार आणि ढोली यांचा खोटा निरोप देणे थांबवले, की काही आठवड्यांत बहुतेक पक्षी शांत होतात, चावणे कमी होते, अंडी थांबतात. जे थांबत नाहीत त्यांनाच औषधाची गरज असते. ज्या घरात कॉकॅटिल आहे, तिथे आज रात्रीपासून एवढेच करावे: सात वाजता त्याचा दिवस संपू द्यावा.